ओल्या पोटाची पाखरं

लोहारा, २१ एप्रिल २०२४

चैताली,

आधी एक प्रश्न विचारते. भर दुपारी अंडी उघडी टाकून पक्षी पाण्यावर पोट टेकवायला का जातो?

आज दोन वर्षांनी माकणीला, धरणाच्या मागच्या पाण्यावर गेले होते. पाणी इतकं मागं सरलंय की तू जागा ओळखणार नाहीस. आपण गाडी लावायचो त्या बाभळीपासून पाण्यापर्यंत वीस मिनिटं चालावं लागतं, तेही भेगाळलेल्या गाळावरून. बुडालेल्या शेतांतली एक विहीर उघडी पडलीय. तिच्या कठड्याच्या सावलीला मी कॅमेरा लावून बसले. समोरचं बेट पुन्हा वर आलंय आणि त्यावर नदी सुरय आलेत. पिवळ्या चोची, काळ्या टोप्या, सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. दुर्बिणीतून अकरा घरटी मोजली. घरटी म्हणजे काय, वाळूतले नुसते खळगे.

साडेअकराला एक सुरय अंड्यांवरून उठला आणि पाण्यावर गेला. मला वाटलं, मासा मारणार. पण त्यानं सूर मारलाच नाही. उडता उडता पाण्याला पोट टेकवलं, दोनदा, तीनदा, आणि परत येऊन अंड्यांवर बसला. चोचीत मासा नाही, पाणी प्यालेलंही दिसलं नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. मग शेजारच्यानं तेच केलं. मी फोटो काढायचं विसरून वहीत वेळा लिहीत बसले. दीड तासात एका घरट्यावरून सात फेऱ्या झाल्या.

आपण तीन उन्हाळे तिथं जात होतो. शाळा सुटली की तुझी स्कूटी, माझा कॅमेरा. मग हे आपल्याला कधी दिसलं कसं नाही?

तुझा फोन मला लागत नाही, आणि का लागत नाही हे मला ठाऊक आहे. कळंबला तुझ्या आईकडं गेले होते. त्यांनी चहा दिला, तुझा चंद्रपूरचा पत्ता दिला. तू शाळा सोडून वनरक्षक झालीस हे मला माहीत होतं, पण गणवेशातला फोटो पहिल्यांदा बघितला. निघताना म्हणाल्या, “फोनवर ती ऐकायची न्हाय. लिही तू. फाडायच्या आधी एकदा तरी वाचंल.”

त्या मे महिन्याबद्दल मी लिहिणार नाही. फक्त पक्ष्यांबद्दल लिहीन. उत्तराची सक्ती नाही.

अर्पिता


लोहारा, २८ एप्रिल २०२४

चैताली,

आज बेटाच्या जवळून जाऊन आले. गुंडाप्पामामांच्या तराफ्यावरून. हे नाव वाचून तू पत्र खाली ठेवशील, म्हणून आधीच सांगते, मीच त्यांच्याकडं गेले.

ते काठावर जाळं आवरत होते. दाढी पूर्ण पांढरी झालीय. मला बघून हात थांबवले नाहीत.

“बेटावर जायाचं व्हय?”

“बेटावर नाही मामा. पाण्यातूनच, लांबून बघायचंय.”

त्यांनी जाळं खाली ठेवलं. मग हात पुढं केला. “मोबाईल द्या. त्यो हितंच ऱ्हाऊ द्या.”

मी दिला. का, ते विचारलं नाही. त्यांनी तो माझ्या चपलांमध्ये ठेवला आणि वर टॉवेल टाकला.

थर्माकोलच्या त्या तराफ्यावर बसायचं म्हणजे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. बेटापासून सत्तर-ऐंशी पावलांवर त्यांनी वल्हं रोवलं. तिथून पुढं ते गेले नाहीत, मीही म्हटलं नाही. एका जोडीवर लेन्स धरून बसले. पक्षी आला, अंड्यांवर उभा राहिला, पोटाची पिसं फुगवली आणि हळूच बसला. कॅमेऱ्यात फोटो मोठा करून बघितला तर पिसाच्या टोकाला थेंब, आणि खालच्या अंड्यावर ओला डाग.

“मामा, हे अंडी भिजवतात.”

“भिजवत्यात म्हंजे? गार करत्यात. न्हायतर शिजतील की हुन्नात.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“इस वर्सं बघतोय.”

“मग आम्हाला कधी सांगितलं नाही?”

ते हसले, पण फार नाही. “तुमी इचारलं कवा? तुमी फोटू काढत व्हता.”

खरं आहे. पुस्तकात वाचलं होतं की पक्षी अंडी ऊब देऊन उबवतात. शाळेत मी दरवर्षी तेच शिकवते. माकणीच्या एप्रिलमध्ये काम उलटं आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ऊब इथं फुकट आहे, गारवा आणावा लागतो. नर-मादी दोघंही आणतात. एक उठला की दुसरा येईपर्यंत फार तर अर्धं मिनिट अंडी उघडी राहतात. मी घड्याळ लावून बघितलं.

परत आल्यावर मामांनी मोबाईल दिला. मी ‘पुढच्या रविवारी येऊ का’ म्हटलं. ‘या’ म्हणाले नाहीत, ‘नका येऊ’ असंही म्हणाले नाहीत.

अर्पिता


लोहारा, ५ मे २०२४

चैताली,

दोन गोष्टी झाल्या. एक शोध आहे आणि एक संकट.

शोध आधी. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर घेऊन गेले होते, आणि घरातली कोंबडीची दोन अंडी. दोन्हींना टोकाला भोक पाडून थर्मामीटर आत घातले आणि विहिरीजवळच्या वाळूत, पूर्ण उन्हात ठेवली. एकाला हात लावला नाही. दुसऱ्याला दर पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसलं आणि वर फडक्याची सावली धरली, सुरयांच्या हिशोबानं. अकरा ते एक. भिजवलेलं अंडं एकोणचाळीसच्या वर गेलं नाही. कोरडं पाऊण तासात चव्वेचाळीसला पोचलं आणि एक वाजता सत्तेचाळीस. कोंबडीचं अंडं मोठं असतं, सुरयाचं लहान. ते त्याहून लवकर तापत असणार.

गुंडाप्पामामा शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, “म्हंजे दीड तास पाखरू वर ऱ्हायलं की संपलं.”

मी वही मिटली.

आता संकट. पाणी रोज वीतभर सरकतंय. बेट आणि काठ यांच्यामध्ये आता गुडघाभर पाण्याची चिंचोळी पट्टी उरलीय. काठाच्या त्या बाजूला गाळ काढायचं काम चालू आहे. एक मशीन, सात-आठ ट्रॅक्टर. मजुरांच्या भाकरीमागं लागलेली चार कुत्री तिथं राहतात. आज पट्टीच्या चिखलात त्यांचे पंजे दिसले, बेटाच्या बाजूलाही. आणि घरटी अकराची आठ झालीत. तीन खळगे रिकामे, कवच्या विखुरलेल्या. हे मी लेन्समधून बघितलं, जवळ गेले नाही.

“आठ दिसात पायवाट हुतीय बगा,” मामा म्हणाले. “मग कुत्रं न्हाय, मानूस बी चालत जाईल.”

परत येताना मशीनचालकानं हाक मारली. शांतलिंग नाव, उमरग्याकडचा, तरुण आहे. “मॅडम, सारखं काय बघता तिकडं? काय हाय का बेटावर?”

मी म्हटलं, “काही नाही. नुसतं पाणी बघते.”

परवा मतदान आहे, मला केंद्रावर जायचंय. उद्या साहित्य घ्यायला हजर व्हायचंय. या दोन दिवसांत तिकडं काय होईल ते माझ्या हातात नाही. झोप लागेल असं वाटत नाही, आणि त्याला कारण कुत्री नाहीत.

अर्पिता


लोहारा, ९ मे २०२४

चैताली,

मी लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहिते.

२०२२ च्या मे महिन्यात त्या रविवारी तीसेक माणसं बेटावर उतरली. हवेची बोट आणली होती, एकाकडं ड्रोन होता. साडेअकरापासून दीडपर्यंत सगळे सुरय वर घिरट्या घालत होते. आपण पोचलो तेव्हा माणसं निघाली होती. पक्षी खाली उतरले, अंड्यांवर बसले, आठ दिवस बसून राहिले. एकही अंडं फुटलं नाही. आपल्याला वाटलं, पायाखाली आली असतील, हलली असतील. पण अंडी जागच्या जागी होती. ती का मेली हे मला गेल्या रविवारी कळलं. सत्तेचाळीस अंश.

त्या माणसांना जागा कुणी सांगितली याचा तू शोध घेतलास. गुंडाप्पामामांनीच माणसं नेली, असं तुला वाटलं, कारण तराफा त्यांचा आणि बेट त्यांना ठाऊक. तू मासेमारांच्या सोसायटीकडं तक्रार केलीस आणि मला साक्षीची सही मागितलीस. मी सही केली नाही. तुला वाटलं, मी त्यांना पाठीशी घालते. त्यावरून आपण भांडलो आणि तू बोलणं सोडलंस.

चैताली, सही केली नाही कारण ती खोटी झाली असती. जागा मी सांगितली होती. फोटोग्राफरांच्या एका ग्रुपवर मी अंड्यांवर बसलेल्या सुरयाचा फोटो टाकला, शंभर जणांनी वाहवा केली, एकानं लोकेशन विचारलं, आणि मी नकाशावरची खूण पाठवून दिली. लोक मला कुणीतरी समजत होते, त्याची चव लागली होती. एवढंच. दुसऱ्या दिवशी मी ते सगळं पुसून टाकलं. मी खोटं बोलले नाही, पण गप्प राहिले, आणि सोसायटीनं मामांना एक हंगाम पाण्यात उतरू दिलं नाही.

मतदान केंद्रावरून सुटले आणि काल सकाळी सरळ माकणीला गेले. मामा तराफा धूत होते. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासनं. त्यांच्यातल्या एकानं मोबाईलवर फोटू दाखवला, ही जागा कुठं म्हनून. फोटूत कोपऱ्याला माझा तराफा व्हता. त्या आठवड्यात तराफ्यावर तुमी एकल्याच बसला व्हता.”

“मग चैतालीला का सांगितलं नाही? सोसायटीत का बोलला नाहीत?”

“माझं कोन ऐकनार व्हतं? आन मला वाटलं, तुमी यिऊन सांगचाल.” तराफ्यावर पाणी मारलं आणि म्हणाले, “दोन वर्सं वाट बघितली.”

मला तिथं रडायचं नव्हतं, रडले नाही. त्यांनीही समजूत घातली नाही. बादली बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या आता. पट्टीचं काय करायचं ते बोला.”

पट्टीत आडवा चर खणला तर त्यात पाणी थांबेल, कुत्री पलीकडं जाणार नाहीत. पण तो चर आम्हा दोघांच्या फावड्यानं होणारा नव्हता. मशीन हवं. मशीन म्हणजे शांतलिंग, आणि शांतलिंगला सांगायचं म्हणजे बेटावर काय आहे ते सांगायचं. पुन्हा एका अनोळखी माणसाला जागा दाखवायची. मी म्हटलं, “मला जमणार नाही मामा. एकदा सांगून काय झालं ते बघितलंय.”

“तवा तुमी कुनाला सांगत हाय ते बघितलं न्हवतं. ह्या येळंला बघून सांगा. तोंड बघा त्याचं, मग सांगा.”

गेलो. शांतलिंग मशीनच्या सावलीला जेवत होता. मी आधी रविवारचं खोटं कबूल केलं, मग कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि लेन्समधून बघायला सांगितलं. हात धुऊन आला, मगच त्यानं कॅमेरा धरला. खूप वेळ बघत होता. “पाण्यात जाऊन आलं आन बसलं,” म्हणाला. “परत गेलं. हे काय करतंय मॅडम?”

म्हणजे तोच प्रश्न. मी थर्मामीटरची वही उघडून दाखवली. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, “मशीनच्या आवाजानं उठतील की सगळी?”

“उठतील. म्हणून उन्हाच्या आधी करायचं. सकाळी सहाला अंडी अर्धा तास उघडी राहिली तरी काही होत नाही.”

तो म्हणाला, “उद्या साडेपाचला येतो. ट्रॅक्टरवाल्यांना सांगू नका, मीबी सांगत न्हाय.”

आज सकाळी त्यानं खरंच वीस मिनिटांत चर मारला. पक्षी उठले, ओरडले, आणि सूर्य वर यायच्या आत खाली बसले.

हे पत्र पोचल्यावर तुला जे वाटेल ते वाटू दे. पण मामांवरची तक्रार चुकीची होती एवढं ध्यानात घे.

अर्पिता


लोहारा, २६ मे २०२४

चैताली,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. पण पिल्लांचं तुला कळायला हवं.

पहिलं चौदा तारखेला दिसलं. आठही घरट्यांत मिळून सतरा निघाली. वाळूच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. हलली नाहीत तर लेन्समधूनही सापडत नाहीत. चरात कमरेएवढं पाणी आहे. कुत्री काठापर्यंत येतात, बसतात, परत जातात. शांतलिंगनं मजुरांना उरलेल्या भाकरी लांब टाकायला सांगितलंय; कारण काय ते सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो विहिरीजवळ येतो आणि विचारतो, “आज किती?”

एक नवीन कोडं. काल दुपारी एक सुरय पोट भिजवून पिल्लांजवळ आला. पिल्लू पोटाखाली शिरलं आणि ओल्या पिसांत चोच घालून काहीतरी करत राहिलं. ते पाणी पीत होतं की नुसतं सावलीला गेलं होतं? माझ्याकडं बारा फोटो आहेत. सगळे बघून झाले, ठरवता येत नाही. मामा म्हणतात, पितं. मी म्हणते, पुरावा नाही. यावरून आमचं कालपासून वाजतंय. तुझ्या खात्यात कुणी जाणकार असतील तर विचार. मला नको कळवूस हवं तर, तू विचारून ठेव.

यातला एकही फोटो मी कुठं टाकलेला नाही. एक सोबत ठेवलाय, कागदावर छापून. मागं जागेचं नाव लिहिलेलं नाही. तुला ते लागणारही नाही.

अर्पिता


माकणी, ९ जून २०२४

चैतालीबाईंना गुंडाप्पाचा जय भीम.

तुमचं पाकीट बुधवारी पोस्टमननं दिलं. माझ्या नावानं कधी पत्र येत न्हाय, म्हनून घरात समदे घाबरले, कोर्टाचं आसंल म्हनून. मला वाचता येत न्हाय. आज अर्पिताबाई आल्या तवा त्यांच्याकडं दिलं. पाकिटावरचं अक्षर त्यांनी लगीच वळखलं. म्या म्हनलो, वाचा. मधी दोनदा थांबल्या. म्या म्हनलो, लिवलंय ते समदं वाचा, गाळू नका. त्यांनी समदं वाचलं. मग म्या परत एकदा वाचाया लावलं.

आता म्या सांगतोय आन त्या लिवत्यात. सबूद बदलायचा न्हाय आसं कबूल करून घेतलंय.

तुमी लिवलंय की तक्रार केली ती चूक झाली आन सोसायटीलाबी तसं कळवलं. चेअरमन काल घरी यिऊन च्या पिऊन गेला. त्या गोष्टीवर काय बोलला न्हाय. पर दोन वर्सांनी उंबऱ्याच्या आत आला. माझ्या घरचीला लई बरं वाटलं.

दुसरं तुमी इचारलंय की अर्पिताबाईला माफ केलं का. हितं ह्यांनी पेन थांबवला. म्या म्हनलो, लिवा. तर आजून केलं न्हाय. एक हंगाम म्या काठावर बसून दुसऱ्याची जाळी शिवली. पोरीच्या सासरी लोक इचारीत व्हते. ते जायाला टाइम लागंल. पर ही बाई माझ्या म्होरं यिऊन बोलली आन तुमी लांबनं लिवलं, तेबी माझ्या ध्यानात हाय. तुमीबी यिऊन बोला. रागावनार न्हाय, पर ऐकायचं हाय तुमच्या तोंडनं.

पाखरांचं सांगतो. सतरातली पंधरा उडाली. एक घारीनं न्हेलं. एक आजून पळतंय नुसतं, पंख मारतंय, उडत न्हाय. त्याची आई त्याला मासा दाखवती आन वर जाती, त्ये खालनं वरडतंय. आठ दिस लागतील. त्याच्या आत आलात तर बघायला मिळंल.

ह्या बाई म्हनत्यात, तुमी येनार न्हाय. म्या म्हनतो येनार. माझ्या तराफ्यावर दोघंच बसत्यात, म्हनून म्या दुसरा बांधायला घेतलाय. थर्माकोल आनलंय, सुतळी हाय. रविवारपत्तूर हुतोय.

गुंडाप्पा
(अंगठा)